परमुलखातला धरणीकंप

भूकंप म्हटला की मराठी घरात दोन तारखा हटकून निघतात. वडीलधाऱ्यांना कोयनेची आठवते, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. आमच्या पिढीला किल्लारीची, ३० सप्टेंबर १९९३. गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे नुकती कुठे झोपली होती. आमच्या घरात मात्र तिसरीच तारीख निघते : ११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे. तेव्हा आम्ही जपानात, टोकियोला राहत होतो.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकीसुना आज परदेशी आहेत! लेकीचा फोन आला की आपण विचारतो, जेवलीस का, थंडी फार आहे का, मुलगा मराठी बोलतो की नाही. पण जपान, तुर्कस्तान, कॅलिफोर्निया, न्यूझीलंड ही सगळी भूकंपाची घरे. तिथे जमीन हलली तर तू काय करशील, हे आपल्यापैकी कुणी विचारत नाही. मलाही कुणी विचारले नव्हते. म्हणून हे लिहायला बसले.

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा विभाग आहे. तिथल्या निशी-कासाई स्टेशनच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती. संगणकाच्या कामासाठी सन २०००च्या सुमारास मंडळी येऊ लागली, आणि शहराच्या मध्यावर जाणारी थेट गाडी दाराशी म्हणून तिथेच राहिली. तूरडाळ, हिंग, कणीक सगळे मिळे. आमचे घर चौथ्या मजल्यावर. मोठा मुलगा जपानी शाळेत तिसरीत, धाकटी आठ महिन्यांची.

लहानसहान धक्के तिथे नेहमीचेच. छताच्या दिव्याला एक दोरी लोंबत असते. ती हलू लागली की बायका मान वर करून बघतात आणि पुन्हा भांडी विसळायला लागतात. मीही तशीच झाले होते. त्या दिवशी धाकटीला पेज भरवून मी वाटी ठेवत होते, तर दोरी हलली. मी वर पाहिले. दोरी थांबेना. मग दिवाच हलू लागला, आणि मग सबंध इमारत कुरकुरायला लागली.

मुलीला उचलून मी जेवणाच्या टेबलाखाली शिरले. तिला पोटाशी धरले आणि एका हाताने टेबलाचा पाय धरला. हा पाय धरायचा असतो बरं का, नाहीतर टेबल एकीकडे जाते आणि आपण दुसरीकडे! जमीन आडवी हलत होती, भरधाव लोकलच्या दारात उभे राहावे तशी. भांड्यांचे कपाट उघडले आणि स्टीलची ताटे एकामागून एक खाली आली. मिसळणाचा डबा पालथा झाला. ती मोहरी पुढे आठवडाभर पायांना टोचत होती. हे सगळे पाच मिनिटांच्या वर चालले. पाच मिनिटे म्हणजे किती, ते घड्याळ समोर ठेवून एकदा नुसते बसून पाहा. मी रामरक्षा म्हणायला घेतली होती. ती संपली, तरी घर हलतच होते.

नंतर कळले, भूकंपाचे केंद्र टोकियोपासून सुमारे ३७० किलोमीटरवर, ईशान्येच्या समुद्रात होते. म्हणजे कोल्हापुराजवळ जमीन फाटावी आणि मुंबईत कपाटे उघडावीत, तसे. मोठेपणा ९.०, जपानात यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा. या आकड्यांचा हिशेब आपल्या बेरजेसारखा नसतो. एक अंक वाढला की शक्ती सुमारे ३२ पटींनी वाढते. किल्लारीचा भूकंप ६.२च्या आसपासचा धरला, तर हा त्याच्या हजारो पट झाला.

जपानी लोक मात्र आणखी एक आकडा सांगतात. त्याला ‘शिंदो’ म्हणतात. (आपल्या शिंद्यांशी काही नाते नाही!) आपण उभे आहोत तिथे जमीन किती हलली, हे तो सांगतो. ० ते ७ अशी ती मोजणी. त्या दिवशी उत्तरेत मियागी प्रांतात ७ नोंदला गेला, टोकियोत ‘५ जास्त’. गृहिणीला खरा उपयोगाचा आकडा हाच. चारवर भांडी वाजतात, पाचवर पडतात, सहावर माणसाला उभे राहता येत नाही.

कुंची घातलेली मुले

हलणे थांबले तशी पायात बूट घातले, मुलीला छातीशी बांधले आणि जिन्याने खाली उतरले. लिफ्ट आपोआप बंद झाली होती. रस्त्यावर पोचले आणि ३ वाजून १५ मिनिटांनी दुसरा मोठा धक्का आला. विजेच्या तारा दोरीवरच्या उड्यांसारख्या झुलत होत्या. एका अनोळखी बाईने माझा दंड धरून मला खांबापासून दूर ओढले. तिचा चेहराही मी धड पाहिला नाही.

शाळेच्या मैदानावर मुले वर्गवार रांगा करून खाली बसलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर जाड कापसाची टोपी, थेट आपल्या तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखी, खांद्यापर्यंत येणारी. एरवी हीच कुंची खुर्चीवर उशी म्हणून असते. मी मुलाच्या प्रवेशाच्या वेळी ती शिवली होती. नमुन्याचा कागद शाळेनेच दिला होता. तेव्हा मनात म्हटले होते, काय या लोकांची हौस!

रडारड अशी नव्हती. दोन-तीन मुली मुसमुसत होत्या, इतकेच. शिक्षिकेने यादीत माझे नाव पाहिले, वेळ लिहिली, सही घेतली आणि मगच मुलाचा हात सोडला. आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या भारतीय मुलालाही बरोबर नेते म्हटले, तर तिने कमरेत वाकून नकार दिला. त्याच्या यादीत माझे नाव नव्हते. त्या क्षणी मला तिचा रागच आला. घरी येता येता वाटले, माझ्या मुलालाही तिने असेच कुणाच्या हाती दिले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच मराठी घरांनी एकमेकींची नावे शाळेच्या यादीत घालून घेतली.

आमचे हे शिंजुकूला, एकतिसाव्या मजल्यावर. टोकियोतल्या उंच इमारती त्या दिवशी दहा मिनिटांहून जास्त काळ झुलत होत्या. त्या झुलण्यासाठीच बांधलेल्या असतात, पण आतल्या माणसाला ते कसे पटावे? खिडकीतून शेजारची इमारत वाकताना दिसत होती, असे ते सांगतात. आगगाड्या बंद, मोबाइल लागेनात. सार्वजनिक फोन फुकट केले होते, पण त्यांच्यापुढे मैलभर रांगा. हे एकतीस मजले जिन्याने उतरले आणि सतरा-अठरा किलोमीटर चालत रात्री पावणेअकराला घरी आले. रस्ताभर माणसेच माणसे, सुटाबुटातली, मुकाट्याने चालणारी. दुकानदार दारात उभे राहून गरम चहा देत होते, बायकांना आत नेऊन मोरी दाखवत होते. त्या रात्री राजधानीच्या परिसरात सुमारे ५१ लाख माणसे घरी पोचू शकली नाहीत, असा सरकारचा पुढचा अंदाज आहे.

लाल दिवा आणि तीन मिनिटे

संध्याकाळी स्वयंपाकाला लागले तर गॅस येईना. वीज होती, पाणी होते, गॅस नाही. मला वाटले, नळी कुठे फुटली. तेवढ्यात शेजारच्या आजी विजेरी घेऊन आल्या. त्या पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. माझे जपानी मोडके, त्यांचे इंग्रजी शून्य. तरी आमचे सगळे बोलणे व्हायचे. त्यांनी बाहेरच्या ओटीवरचे मीटरचे दार उघडले. शिंदो पाचच्या आसपास धक्का बसला की तिथला मीटर स्वतःच गॅस तोडतो. तो पुन्हा सुरू करायची रीत अशी : घरातली सगळी गॅसची बटने बंद करायची, मीटरवरचे काळे टोपण काढून आतले बटन दाबायचे, लाल दिवा लुकलुकू लागतो, मग तीन मिनिटे गॅसला हात लावायचा नाही. तेवढ्यात मीटर गळती आहे का ते तपासतो. नसली तर दिवा विझतो आणि गॅस येतो.

अहो, यामागे केवढा इतिहास आहे! १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियोला मोठा भूकंप झाला, तो दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी. घरोघर चुली पेटलेल्या, जेवणाची वेळ. त्या आगींत आणि पडझडीत लाखावर माणसे गेली. तेव्हापासून ‘हलले की आधी आग विझव’ हे तिथल्या बायकांना बाळकडूसारखे दिले जाई. मीटर शहाणा झाल्यावर शिकवण बदलली. आता सांगतात, आधी डोके वाचवा, कढईकडे धावू नका. उकळते तेल अंगावर येऊन भाजलेल्या बायका काही थोड्या नव्हत्या.

आजींनी आणखी एक विचारले : रात्रीचे अंघोळीचे पाणी टबात आहे का? जपानात सगळे घर एकाच टबातल्या पाण्यात बसते (अंग आधी बाहेर धुऊन, हं!) आणि ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत नाहीत. नळ गेला तर संडासाला तेच. मी दररोज ते पाणी ओतून टब घासून ठेवी. त्या दिवसापासून आमचाही टब भरलेला राहू लागला.

रात्री विजेच्या भातकुकरात मुगाची खिचडी केली. हे आले, बूट न काढताच उंबऱ्यात बसले आणि तिथेच दोन ताटल्या खिचडी खाल्ली. मग आम्ही टीव्ही लावला.

टोकियो नुसते हलले होते. उत्तरेत समुद्र आत आला होता. घरे, मोटारी, बोटी, जळते लाकूड, सगळे एका काळ्या लाटेवर शेतांतून पुढे सरकत होते, आणि वरून हेलिकॉप्टरमधला माणूस हळू आवाजात गावांची नावे घेत होता. काही ठिकाणी पाणी डोंगरउतारावर चाळीस मीटरपर्यंत चढले. मेलेल्यांचा आकडा पुढे १५,९००च्या घरात गेला, आणखी अडीच हजार माणसे अजून बेपत्ता म्हणूनच नोंदलेली आहेत. सापडलेल्यांत दहांतली नऊ बुडून मेलेली. टीव्हीवरच्या साबण-शांपूच्या जाहिराती त्या रात्रीपासून नाहीशा झाल्या, आणि त्यांच्या जागी चांगले वागा, नमस्कार म्हणा असे सांगणाऱ्या त्याच दोन-चार चित्रफिती दिवसभर फिरू लागल्या. आमच्या मुलाला त्या पाठ झाल्या.

“पोरांना घेऊन निघ”

दुसऱ्या दिवसापासून सांगलीहून फोन सुरू झाले. सासूबाईंनी टीव्हीवर वाहती घरे पाहिलेली. त्यांना सेंदाई काय, टोकियो काय, सारखेच.

“अगं, तुम्ही तिथं काय करताय अजून? मिळेल ते विमान पकडा नि या!”

“आई, आमच्याकडे पाणी आलेलं नाही. फक्त भांडी पडली.”

“भांडी पडली म्हणते! इकडे सगळं जग बघतंय.”

आणि मग अणुभट्टीची बातमी आली. फुकुशिमा आमच्यापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. १२ तारखेला तिथे पहिला स्फोट झाला, १४ला दुसरा, १५ला पुन्हा. जपान सरकारने भोवतालच्या २० किलोमीटरमधली माणसे हलवली. अमेरिकेने आपल्या लोकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायला सांगितले. काही देशांनी तर टोकियोच सोडा म्हटले. आता माझ्यासारख्या बाईने कोणता आकडा धरायचा? आमच्या वस्तीतली कुटुंबे एकेक करून निघाली. कुणी ओसाकाला, कुणी थेट पुण्याला. रोज संध्याकाळी एखादा फोन येई : “आम्ही निघालो गं, फ्रिजमधलं दूध-भाजी घेऊन जा.” यांना कचेरीतून निघता येईना. मी एकटीने दोन मुले घेऊन जावे की राहावे, यावर आमचे रोज रात्री बोलणे होई आणि रोज ते अर्धवट राही. मध्येच मोबाइलचा भूकंप-इशारा किंचाळे आणि दोघेही मुलांकडे धावत असू.

या मागाहूनच्या धक्क्यांबद्दल कुणी फार बोलत नाही. खरे तर माणूस खचतो तो त्यांनीच. दिवसरात्र, शेकड्यांनी. शेवटी जमीन स्थिर असली तरी आपण हलतोय असे वाटते, बोटीतून उतरल्यावर वाटते तसे. जपानीत त्याला ‘भूकंपाची नशा’ अशा अर्थाचा शब्दच आहे. मी टेबलावर पेलाभर पाणी ठेवून दिले होते. चक्कर आली की पेल्याकडे बघायचे. पाणी हलत असेल तर खरा, नाहीतर माझा.

दुकानांत पाव, दूध, तांदूळ, बॅटऱ्या, संडासाचे कागद संपले. प्रत्येकाला एकच बाटली, एकच पाकीट अशा पाट्या लागल्या आणि लोक निमूटपणे एकच घेत. आमच्या घरात दहा किलो कणीक, डाळी, पोहे, भाजणी असायचीच. दर महिन्याचे वाणसामान एकदम भरायची आपली सवय जपानी बायकांना गमतीची वाटे. त्या आठवड्यात कुणी हसले नाही. मी आजींना रोज दोन पोळ्या पाठवी. त्या पोळीला लोणी आणि साखर लावून खात.

विजेचा तुटवडा होता. १४ मार्चपासून पाळीपाळीने तीन-तीन तास वीज घालवू लागले, पण शहराच्या आमच्या भागाला त्यातून वगळले होते. पश्चिम जपानात वीज भरपूर, मग इकडे का देत नाहीत, असे मी यांना विचारले. उत्तर ऐकून थक्क झाले. पूर्व जपानची वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेची ६०! एकोणिसाव्या शतकात टोकियोने यंत्रे जर्मनीहून आणली, ओसाकाने अमेरिकेहून, आणि शंभर वर्षांत कुणी त्या एक केल्या नाहीत. जोडणारी यंत्रे होती, ती थोडी. एका वाड्यात दोन जावांच्या दोन चुली असाव्यात आणि एकीकडचा निखारा दुसरीकडे चालू नये, त्यातला प्रकार.

माझी एक मैत्रीण खाडीपलीकडे उरायासूला राहत होती. टोकियोचे डिस्नेलँड आहे तेच गाव. त्या गावाचा तीन चतुर्थांश भाग समुद्रात भर घालून केलेला. बादलीत ओली वाळू दाबून भरा आणि बादली हलवा, वाळू खाली बसते आणि पाणी वर येते. तिथे नेमके तेच झाले. रस्त्यांतून राखाडी चिखल उकळून वर आला, गटारांची झाकणे नळकांड्यांसकट माणसाच्या उंचीइतकी वर निघाली, खांब कलले. घरे उभी, पण नळ, गॅस, संडास बंद. ती तीन आठवडे दोन दिवसांआड मुलांना घेऊन आमच्याकडे अंघोळीला येत होती. येताना रिकामे डबे आणी आणि भरून नेई. भर घातलेल्या जमिनीवर घर घेणाऱ्यांनी, आणि मुंबईत तशी जमीन थोडी नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पेजेचे पाणी

२३ मार्चला दुपारी टोकियोच्या पाणीखात्याने जाहीर केले की कानामाची इथल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडले आहे. किलोला २१० बेकरेल. मोठ्यांसाठी मर्यादा ३००, वर्षाच्या आतल्या बाळांसाठी १००. त्या केंद्राचे पाणी आमच्याच नळाला येत होते. आदल्या दोन दिवसांच्या पावसाने ते नदीत उतरले असावे, असे सांगण्यात आले.

मी सकाळीच त्या पाण्यात पेज शिजवली होती. मुलगी ती पिऊन झोपली होती. आकडा वाचला आणि हातपाय गार पडले.

यांना फोन केला. हे म्हणाले, “एका दिवसानं काही होत नाही, तसंच सांगतायत. पण आता नळाचं देऊ नकोस.” खाली दुकानात गेले तर पाण्याच्या बाटल्यांची फळी धुऊन ठेवल्यासारखी मोकळी. सरकारने बाळामागे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या वाटायचे ठरवले, त्या दुसऱ्या दिवशी मिळायच्या होत्या. संध्याकाळी दार वाजले. आजी उभ्या, दोन्ही हातांत दोन-दोन लिटरची एकेक बाटली.

“बाळाच्या पेजेला,” म्हणाल्या. मी नको नको म्हटले. तुम्ही काय प्याल? त्या हसल्या. माझ्या वयाला आयोडीन काय करणार, अशा अर्थाचे काहीतरी बोलल्या आणि बाटल्या उंबऱ्याच्या आत ठेवून निघाल्या. मी त्यांना थांबवून विचारले, तुम्ही मुलाकडे नागोयाला का जात नाही?

त्यांनी मग खिडकीबाहेर बोट दाखवले. १० मार्च १९४५च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोच्या या पूर्वेच्या भागावर आगीचे बाँब टाकले होते. एका रात्रीत लाखाच्या घरात माणसे गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आई आणि धाकटा भाऊ त्यांना पुन्हा दिसले नाहीत. दरवर्षीप्रमाणे यंदाही त्या १० मार्चला देवळात उदबत्ती लावून आल्या होत्या, भूकंपाच्या आदल्याच दिवशी. “मी कुठे जाऊ?” एवढेच म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. खरेच विचारावे तसे विचारले.

२४ तारखेला आकडा ७९वर आला आणि बंदी उठली. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते, हेही वाचले. शास्त्र माझ्या डोक्यात शिरले होते. पण रोज सकाळी आधी आकडा बघायचा आणि मग पेज चढवायची, हे मला जमेना. शाळेला वसंताची सुटी लागली होती. २७ तारखेला मी दोन्ही मुलांना घेऊन सांगलीला आले. हे मागे राहिले.

गेलेल्यांना पळपुटे म्हणणारे त्या वेळी होते, राहिलेल्यांना वेडे म्हणणारेही होते. यांत निवाडा देणाऱ्यांच्या घरात आठ महिन्यांचे मूल बहुधा नसावे. मी गेले ते मुलीसाठी, आणि राहावे लागलेल्यांबद्दल एक शब्द कुणाला बोलू दिला नाही. ज्या दिवसांत आम्ही येत होतो, त्याच दिवसांत आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जण उलट दिशेने जपानला गेले आणि ओनागावा नावाच्या उद्ध्वस्त गावात ढिगारे उपसत राहिले. देशाबाहेरची त्या दलाची ती पहिलीच कामगिरी. सासूबाईंनी ती बातमी कापून देवघराच्या कप्प्यात ठेवली होती.

२ एप्रिलला भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, गल्लीत फटाके वाजले, आणि पहिल्या आवाजाला माझा मुलगा जेवता जेवता टेबलाखाली गेला. सगळे हसले. तो बाहेर यायला तयार नव्हता. ४ तारखेला पाडवा झाला. ७च्या रात्री उत्तरेत पुन्हा ७.१चा धक्का बसला. यांचा फोन आला, “मी ठीक आहे, कपाटं बांधलेली आहेत.” दोन्ही मुले झोपली होती, आणि मी रात्रभर पंख्याच्या कड्याकडे बघत पडले.

एप्रिलअखेर परत गेलो. स्टेशनवर सरकते जिने बंद, निम्मे दिवे काढलेले, गाडीच्या डब्यात दिवसा अंधार. चेरीच्या फुलांखालच्या मेजवान्या त्या वर्षी लोकांनी आपण होऊन आवरत्या घेतल्या होत्या. आजींनी आमची गॅलरीतली तुळस पाणी घालून जगवली होती. फक्त तिच्या मंजिऱ्या खुडून त्यांनी फुलदाणीत लावल्या होत्या!

आपल्या घरात

किल्लारीला सुमारे दहा हजार माणसे गेली, टोकियोसारख्या कोट्यवधींच्या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फरक घरांचा आहे. लातूर-उस्मानाबादकडची जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा छान, पण पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तोच भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. घर बांधताना फरशी कुठली, याची चर्चा आपण महिनाभर करतो. कंत्राटदाराला खांब-तुळयांत लोखंड किती आणि कसे बांधलेत, हे विचारणारी बाई मला एकच भेटली, आणि ती माझी नणंद.

बांधलेल्या घरातही करण्यासारखे पुष्कळ असते. १९९५ साली कोबेला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, त्यात सहा हजारांवर माणसे गेली ती बहुतेक घरे आणि कपाटे अंगावर पडून. म्हणून जपानात कपाट भिंतीला लोखंडी कोनाने आवळतात, किंवा कपाट आणि छत यांच्यामध्ये दट्ट्या बसवतात. आपले गोदरेजचे कपाट, त्यावरची बॅग, बॅगेवर पाहुण्यांच्या गाद्या, आणि नेमके त्याच्या पायथ्याशी मुलांचे अंथरूण! निदान अंथरुणाची जागा तरी आज रात्री बदला. त्याला खर्च नाही.

उशापायथ्याशी जुने बूट किंवा जाड तळव्याच्या चपला आणि विजेरी ठेवावी. पहिली जखम भूकंपाने होत नाही, अंधारात फुटक्या काचेवर पाय पडून होते. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, असे तीन दिवसांचे. एका पिशवीत औषधे, चष्म्याची जुनी जोडी, बाळाचे लंगोट, सुटे पैसे, कागदपत्रांच्या प्रती. खायला भाजणीचे लाडू, दाण्याची चिक्की, चुरमुरे, म्हणजे शिजवायला नको. ही पिशवी माळ्यावर टाकू नये. माझी दाराच्या मागे खुंटीला असते. वर्षातून दोनदा लाडू बदलायचे, जुने मुले खातात.

हलत असताना जिन्याकडे धावू नये, लिफ्टकडे तर मुळीच नाही. खाली बसावे, डोके टेबलाखाली किंवा निदान उशीखाली घालावे. थांबल्यावर शेगडी आणि सिलिंडर बंद करावे, आणि गॅसचा वास नाही ना हे पाहिल्याखेरीज काडी ओढू नये, दिव्याचे बटनही दाबू नये. कच्च्या, मातीच्या घराची गोष्ट वेगळी. दार दोन पावलांवर असेल तर मोकळ्यावर पडणेच बरे.

आणि फोनचे ठरवून ठेवा. मोठ्या भूकंपात गावातल्या गावात फोन लागत नाही, दूरगावचा पुष्कळदा लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच बाहेरगावच्या माणसाला कळवायचे आणि त्याच्याकडेच विचारायचे. आमच्या घरचा तो नंबर नागपूरच्या जाऊबाईंचा आहे. मुलांना तो पाठ आहे. जाऊबाईंनी आमच्या पाच जणांची नावे त्यांच्या फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवली आहेत, आणि दर १ सप्टेंबरला आम्ही सगळे त्यांना एकेक फोन करून मी इथे आहे, मी बरी आहे, असे सांगतो. त्या दिवशी त्या दुपारची झोप सोडून बसतात.